सतरा नंबरची मोटर

सतरा नंबरची मोटर तापत नव्हती, आणि त्यापायी यशोधरा मॅडमच्या जिवाला चैन नव्हतं.

तापणाऱ्या मोटरीची सगळ्यांना सवय झाली होती. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले तीन महिने दुसरा विषयच नव्हता. मालक रविराज साहेबांच्या वडलांच्या काळात तिथं विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देत. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाडीची मोटर बनवायला घेतली. चाकणच्या एका गाडीवाल्यांनी नमुना मागितला होता. तो पसंत पडला तर शेकड्यांनी मोटरी लागणार होत्या. पण घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. पोती लादून करंजीचा घाट ही मोटर मजेत चढायची, आणि दौंड रोडला सरळ रस्ता लागून गाडी भरधाव निघाली की पाऊण तासात अशी तापायची, की गाडी आपणहून वेग कमी करून बैलगाडीसारखी चालू लागायची. घाटात तापली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. सपाट रस्त्यावर का तापते, याचा उलगडा होत नव्हता.

"पुष्पाताई, जरा आत या," मॅडमनी टेस्टिंगच्या खोलीचं दार उघडून हाक मारली.

पुष्पावती साच्यावर कॉइल गुंडाळत होती. तिनं हात पुसले, पदर खोचला आणि आत गेली. मागोमाग वाइंडिंगचे सुपरवायझर छगनभाऊ आले आणि हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले.

टेबलावर दोन मोटरी होत्या. चौदा आणि सतरा.

"या दोन्ही तुम्हीच भरल्यात ना?"

"व्हय, मॅडम."

"तार एकाच रिळातली. वेढे सारखे. मीटर लावला तर दोन्हींचा आकडा सारखा, केसभरही फरक नाही. मग पूर्ण वेगात तासभर फिरवली की चौदा जाते एकशे एक्कावन्न डिग्रीवर, आणि ही सतरा एकशे एकोणतीसवर थांबते. गाडीवाल्यांनी एकशे चाळीसची हद्द घातलीय. म्हणजे ही एकटी पास, बाकी सगळ्या नापास. हे कसं काय? सतराला काही वेगळं केलं होतंत का?"

पुष्पावतीला उत्तर ठाऊक होतं. ते अगदी ओठांवर आलं होतं. पण तिची नजर छगनभाऊंकडं गेली आणि ती म्हणाली, "न्हाई मॅडम. नेहमीवानीच भरली."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. बाहेर येऊन ती पुन्हा साच्याशी बसली, तर वेढे मोजताना तीनदा चुकली.

पुष्पावती जामखेडच्या पलीकडल्या कोरडवाहू गावची. लग्नानंतरचे अकरा हंगाम तिनं नवऱ्याबरोबर ऊसतोडीत काढले. कधी कोपरगावकडं, कधी पार कोल्हापूरच्या अंगाला. एका हंगामात आसाराम ट्रकवरून पडला आणि त्याची कंबर कायमची धरली. तेव्हा मुलीला, आरतीला, घेऊन दोघं नगरला आले. त्याला एका गोदामावर वॉचमनचं काम मिळालं, बोल्हेगावात भाड्याची खोली मिळाली. शेजारच्या गल्लीत छगनभाऊ राहत. पुष्पावती दारात बसून प्लास्टिकच्या पट्टीनं खाट विणत होती, ते जाता-येता त्यांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा थांबले आणि म्हणाले, "हात चांगला चालतो तुझा. तांब्याच्या तारेवर चालंल का?"

चालला. चौदा महिन्यांत ती शेडमधल्या सात बायकांमध्ये सगळ्यांत चांगली कारागीर झाली. लोखंडी गाभ्याच्या खाचेत कागद कसा बसवायचा, तार नखानं न दुखवता आत कशी सारायची, बाहेर राहिलेलं वळण दाबून दोऱ्यानं कसं बांधायचं, हे सगळं तिला छगनभाऊंनी शिकवलं होतं. सव्वीस वर्षं या माणसानं मोटरी भरल्या होत्या. वार्निशनं त्यांच्या बोटांची टोकं कायमची तपकिरी झाली होती. पण इंजिनियर म्हणून यशोधरा मॅडम आल्या, कॉम्प्युटर आला, आणि छगनभाऊंना आपण मागं पडल्यासारखं वाटू लागलं. ते बोलून दाखवत नसत. फक्त मॅडम काही समजावू लागल्या की चष्मा काढून पुसत बसत.

यशोधरा मॅडम तशा गर्विष्ठ नव्हत्या. त्या कोपरगावच्या, वडील शुगर फॅक्टरीत फिटर होते, त्यामुळे कामगाराशी बोलायचं कसं हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. त्यांनी आल्याआल्याच बायकांना गोळा करून सांगितलं होतं, "तारेतून वीज गेली की तार थोडी तापतेच. ती जेवढी तापते, तेवढी बॅटरी फुकट गेली, चाकाला मिळाली नाही. आपलं भांडण त्या फुकट जाणाऱ्या विजेशी आहे." जोरात फिरणाऱ्या मोटरीत जाड तारेचं ते नुकसान जास्त होतं म्हणून त्यांनी जाड तार काढून तिच्या जागी नऊ बारीक तारा एकत्र घ्यायला सांगितल्या. नऊ तारा हातात सांभाळणं म्हणजे नऊ पोरं जत्रेत नेणं. कधी एक ढिली पडे, कधी दोघींचा गुंता होई. तेव्हा छगनभाऊंनी दोन रविवार घरी बसून नायलॉनच्या तुकड्याची एक फणी घासून काढली. तिला ओळीनं नऊ भोकं. प्रत्येक तार आपल्या भोकातून यायची आणि साच्यावर नऊ तारांची पट्टी पडायची, सरळ, एकसारखी, जणू छापून काढलेली. चाकणची माणसं आली तेव्हा साहेबांनी ती फणी त्यांना हातात घेऊन दाखवली. त्या दिवशी छगनभाऊंनी सगळ्या शेडला भेळ खाऊ घातली होती.

आणि सतरा नंबरची मोटर पुष्पावतीनं फणीशिवाय भरली होती.

छगनभाऊ त्या दिवशी मेव्हण्याच्या साखरपुड्याला श्रीगोंद्याला गेले होते. फणीच्या एका भोकाची कड धारदार झाली होती आणि तारेवरचं इनॅमलचं कवच खरवडत होती. पुष्पावतीनं फणी काढून बाजूला ठेवली, खरवडलेली तार कापून टाकली आणि नऊही तारा मुठीत धरून हातानंच काम केलं. तारा सुटू नयेत म्हणून मनगटाला एक हेलकावा द्यायची, पीळ पडायचा, तारा धरून राहायच्या. कॉइली काही छापल्यासारख्या दिसत नव्हत्या, पण बसल्या नीट. दुसऱ्या दिवशी छगनभाऊंनी फणीची कड घासून दिली. मोटरीचं ना त्यांनी विचारलं, ना तिनं सांगितलं.

संध्याकाळी तिनं हे सगळं आसारामला सांगितलं. तो ड्यूटीवर जायच्या आधी शर्टाला इस्त्री करत होता.

"मुकादमाचा फोन आल्ता," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर टोळी निघायची हाय. मी म्हनलं, सांगतो."

"आरती नववीत हाय. तिला आता उसाच्या फडावर, कोपीत ऱ्हायाला न्यायची न्हाई मला."

"मग हितलं काम टिकाया पायजे." त्यानं इस्त्री उभी ठेवली. "ती फनी खरंच वाईट हाय का?"

"मला काय कळतंय? पन दोन मोटरींत तेवढाच फरक हाय."

आसारामनं कॉलर दाबून नीट केली. मग म्हणाला, "त्यानं दोन रविवार घासली म्हनतीस ना? मग मॅडमच्या आधी त्याला सांग. भर लोकांत त्याला कळलं, तर त्यो तुला कवाच माफ करायचा न्हाई. आन् त्यात त्याचं काय चुकलं म्हनता येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत छगनभाऊ लिंबाखाली एकटे बसले होते, तेव्हा पुष्पावती डबा घेऊन त्यांच्यापाशी गेली. आडवळण न घेता तिनं सांगून टाकलं.

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. "मला इचारायचं हुतं."

"तुमी नव्हता, भाऊ."

"आल्यावर सांगायचं हुतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "सव्वीस वर्सांत मी आडवीतिडवी कॉइल चांगली चालल्याली पाहिली न्हाई. सरळ तार, नीट मोटर. दुसरंच कायतरी आसंल. बेरिंग आसंल."

"मॅडमला सांगू का मग?"

"मी सांगतो," ते म्हणाले.

पण त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. पुष्पावती रोज त्यांच्या तोंडाकडं बघे आणि ते रोज दुसरीकडं बघत.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी चौदा नंबरची मोटर मधोमध कापून आणली. कापलेल्या खाचेत तारांची टोकं डाळिंबाच्या दाण्यांसारखी ओळीनं दिसत होती. सगळ्यांना त्यांनी जवळ बोलावलं.

"हे बघा. खाचेच्या तळातल्या तारा अजून पिवळ्याधमक आहेत. आणि इथं, खाचेच्या तोंडाशी, तारा करपून काळ्या पडल्यात. मोटर सगळी तापली नाही. एवढ्याच तारा तापल्या."

पुष्पावतीनं वाकून पाहिलं. फणीच्या पहिल्या भोकातून येणारी तार दर वेढ्याला खाचेच्या तोंडाशीच बसायची, आणि नवव्या भोकातली तळाशी. तिला ते न मोजता माहीत होतं. तिच्याच हातानं त्या बसवल्या होत्या. तिनं छगनभाऊंकडं पाहिलं. त्यांनाही ते दिसलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. ते बोलतील म्हणून ती थांबली. ते बोलले नाहीत.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी त्या दिवशी खोटं बोलले. सतराला मी फनी लावली नव्हती. हातानं भरली. तारांला पीळ देत देत."

मॅडमनी कापलेल्या मोटरीकडं पाहिलं आणि एकदम कपाळावर हात मारला.

"अरे देवा. चूक माझीच आहे. हातानं भरलेल्या मोटरीत तारा आपोआप एकमेकींत मिसळतात, असं मी धरून चालले होते. फणीला मंजुरी मीच दिली, आणि फणी त्यांना मिसळू देत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी खडूनं टेबलावर खाच काढली. "नऊही तारा दोन्ही टोकांना डाक देऊन जोडलेल्या असतात. मोटर हळू फिरते तेव्हा नऊजणी सारखा वाटा उचलतात. जोरात फिरायला लागली, की खाचेच्या तोंडाशी असलेल्यांना वाट सोपी होते आणि तळातल्यांना अवघड. मग सगळा लोंढा त्या तोंडाच्या दोघीतिघींवर येतो. साध्या मीटरला हे दिसत नाही. घाटातही दिसत नाही, कारण तिथं मोटर हळू फिरते."

"ट्रकात मोळ्या चढवताना एकच बाई फळीवर ठेवल्यावानी," पुष्पावती म्हणाली. "तिची मान मोडती. आमी आळीपाळीनं जायचो."

"तसंच. पिळामुळं तुमच्या तारांनी आळीपाळीनं जागा बदलल्या."

छगनभाऊंनी साच्यावरची फणी काढली, खिशात घातली आणि ते शेडबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, अंगात कणकण आहे म्हणून.

चाकणची माणसं आठ दिवसांनी मोटर न्यायला येणार होती. रविराज साहेबांनी मॅडमना एवढंच विचारलं, "एक मोटर योगायोगानं चांगली निघाली, यावर मी ऑर्डर घेऊ का?" मॅडम नाही म्हणाल्या. पुन्हा भरून, पुन्हा तपासून दाखवायला हवी होती.

एकवीस नंबर पुष्पावतीनं भरायला घेतली. आता तिला माहीत होतं की सगळं पिळावर आहे, म्हणून तिनं हात राखला नाही. भरपूर पीळ दिला, दोरखंडासारखा. पण दोरखंड खाचेत मावेना. ज्या खाचेत तारांची पट्टी सहज बसायची, तिथं हे जाडजूड वळण फुगून वर येई. तिनं पट्टीनं ठोकून ठोकून बसवलं. मॅडमनी मोटरीला जास्त दाबाची वीज लावून पाहिली, तर आतून फट्‍ असा आवाज झाला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. तार कुठंतरी सोलली गेली होती.

पुष्पावती साच्याशी येऊन बसली. आजवर तिच्या हातून एकही मोटर जळाली नव्हती. आरतीची शाळा, बोल्हेगावची खोली, दसऱ्यानंतर निघणारी टोळी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"दुसरी घ्या," मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. पण दुसरी कशी वेगळी भरायची, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पीळ किती, कुठं, हे कॉम्प्युटरवर काढता येईल, म्हणाल्या, पण वेळ लागेल.

त्या दिवशी काम सुटल्यावर पुष्पावती थेट छगनभाऊंच्या घरी गेली. ते ओट्यावर बसले होते. कणकण वगैरे काही दिसत नव्हती. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला.

"एकवीस नंबर फुटली," तिनं सांगितलं.

"ऐकलं."

"मला जमंना, भाऊ. पीळ दिला तर मावत न्हाई. न्हाई दिला तर तापती."

चहा आला, तो छगनभाऊ प्याले. कप खाली ठेवताना म्हणाले, "सतरा मावली हुती ना?"

"व्हय. सहज."

"मग तवा तू येवढा पीळ दिला नसशील. कुठं देत हुतीस?"

"कुठं म्हंजे? ध्यान न्हाई."

"डोक्याला ध्यान नसंल. हाताला आसंल." ते उठले, आतून सुतळीचा गुंडा घेऊन आले आणि ओट्यावरच्या दोन खुंट्या दाखवल्या. "ह्यो साचा समज. गुंडाळ. बोलत बोलत गुंडाळ, हाताकडं बघू नको. पोरगी काय म्हनती? आब्यास करती का?"

पुष्पावती आरतीचं सांगू लागली. गणिताचे सर चांगले आहेत, पण इंग्रजीला भिते. मैत्रिणीबरोबर सायकलवर जाते. हात सुतळी गुंडाळत राहिले. छगनभाऊ वाकून बघत होते.

"थांब," ते म्हणाले.

तिचा हात खुंटीच्या वळणावर होता, आणि मनगट अर्धं उलटलेलं. तिनं खाली पाहिलं. सरळ भागात सुतळीच्या पदरांना एकही पीळ नव्हता. प्रत्येक वळणावर मात्र ते अर्धे उलटून गेले होते. एका टोकाला उजवीकडून, दुसऱ्या टोकाला डावीकडून.

"खाचेत जातो त्यो सरळ भाग," छगनभाऊ सावकाश म्हणाले. "वळन ऱ्हातं खाचेच्या बाहीर, तिथं जागा मोकळी. तू आत पीळ दिलाच न्हाईस कधी. बाहीर देत हुतीस. आत तारा नीट, बाहीर त्यांची जागा बदलती." आणि मग, जणू स्वतःशीच, "म्हंजे सरळ तार, नीट मोटर, ह्ये काय खोटं न्हाई."

पुष्पावतीला हसू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिनं कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"उद्या येताय ना?"

"येतो. तुझं मनगट दिवसभर एकसारखं उलटनार न्हाई. आन् बाकीच्या सहा बायांचं तर न्हाईच. त्याला कायतरी करावं लागंल."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी कारखान्यात होते. जुन्या सिलिंग पंख्याचं बेरिंग काढून त्यांनी फणी त्यात घट्ट बसवली आणि तिला एक दांडी लावली. वळण आलं की दांडी वर करायची, फणी अर्धी फिरायची; पुढच्या वळणाला दांडी खाली, फणी परत जागेवर. अशानं रिळांकडं मागं गुंता साचत नव्हता. मॅडमनी ते चालवून पाहिलं आणि वहीत चित्र काढून घेतलं. खाली नाव कुणाचं लिहू, असं त्यांनी विचारलं. छगनभाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि पुष्पावतीकडं बोट केलं. ती म्हणाली, "दोघांचं लिवा."

बावीस नंबर दीड दिवसात भरून झाली. तारा खाचेत अलगद बसल्या. जास्त दाबाच्या विजेला ती टिकली. पूर्ण वेगात तासभर फिरवल्यावर आकडा एकशे चोवीसवर थांबला. तेवीस नंबर दुसऱ्या एका बाईनं, सुरेखानं भरली. ती एकशे सव्वीसवर थांबली. साहेबांनी तेव्हा प्रथमच खुर्ची ओढून घेतली आणि आकडे पुन्हा वाचले.

शेवटची परीक्षा रस्त्यावरची होती. चाकणचे दोघे इंजिनियर आले. गाडीत वाळूची पोती लादली. कारखान्याचा ड्रायव्हर भीमा चालवायला, शेजारी मॅडम लॅपटॉप घेऊन. छगनभाऊ आणि पुष्पावती अरणगावच्या पुढं रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर थांबले. गाडी दौंडच्या बाजूला दिसेनाशी झाली.

उन्हं चढली होती. दोघं बाकड्यावर बसून राहिले. एक चहा झाला, दुसरा झाला.

"त्या दिवशी मी मॅडमला सांगतो म्हनलो हुतो," छगनभाऊ अचानक म्हणाले.

"जाऊ द्या, भाऊ."

"जाऊ द्या कसं? दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. पाय आत पडंना. सायबांनी ती फनी लोकांला दाखवली, त्याचं लई मोठं वाटत हुतं मला." त्यांनी ग्लास बाकड्यावर ठेवला. "तू बोललीस ते बरं केलंस. मला राग आला हुता, पन घरी गेल्यावर तुझा न्हाई राहिला. माझाच राहिला."

ती म्हणाली, "तुमी मला हाताला धरून आनलं हितं. मी तुमचं वाईट चितलं नव्हतं."

"त्ये मला म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याला भज्यांची प्लेट सांगितली.

प्लेट संपायच्या आत गाडी परत येताना दिसली. ती वेगातच होती. धापा टाकत नव्हती. टपरीशी न थांबता ती तशीच पुढं गेली, बायपासला वळसा घालून पुन्हा आली आणि पुन्हा दौंडकडं गेली. तिसऱ्या फेरीला थांबली तेव्हा मॅडम उतरून जवळजवळ पळतच आल्या.

"एकशे एकोणतीस! दीड तास, भर उन्हात, पूर्ण वेगानं. आणि एका चार्जिंगमध्ये गाडी आधीपेक्षा अकरा किलोमीटर जास्त गेली. अकरा, पुष्पाताई!"

"तेवढं डिझेल वाचलं म्हना की," पुष्पावती म्हणाली. मग तिच्याच ध्यानात आलं, की यात डिझेल कुठलं. चौघंही हसले. चाकणचे इंजिनियर लांबून बघत होते. त्यांना कारण कळलं नाही, पण तेही हसले.

पुढं सगळंच मनासारखं झालं असं नाही. सहाशेंची आशा होती, ऑर्डर आली दोनशे मोटरींची. दोन-तीन वर्षांत हे काम मशीनवर जाईल, असंही ते लोक जाताना बोलून गेले. तेव्हाचं तेव्हा बघू, साहेब म्हणाले. पण सातही बायकांचं काम पक्कं झालं आणि आणखी चौघींना घ्यायचं ठरलं. नव्या बायकांना शिकवायचं काम छगनभाऊंनी पुष्पावतीवर टाकलं. आसारामनं मुकादमाला फोन करून सांगितलं, आम्हा नवराबायकोचा कोयता यंदा टोळीत धरू नका.

दिवाळीनंतर एका सकाळी पुष्पावती आपणहून टेस्टिंगच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एक इचारू? ह्यो आकडा येतो कुठनं? मोटरीच्या आत तर मीटर जात न्हाई."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, शेजारची खुर्ची पुढं ओढली आणि तिला बसवलं. बारीक वायरीच्या टोकाचा मोहरीएवढा दाणा तिला दाखवला. तो वळणाच्या आत खोचायचा, दोऱ्यानं बांधायचा, वायर बाहेर काढायची. एक वरच्या बाजूला, एक खालच्या. मग दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहायचे.

चौतीस नंबरची मोटर पुष्पावतीनं स्वतः जोडली. बटण दाबलं. मोटर घोंघावू लागली आणि तिनं सातवीपर्यंत शाळेत गिरवलेल्या अक्षरात, एकेक आकडा कोरून, कागदावर लिहायला घेतलं. बत्तीस. एक्केचाळीस. त्रेपन्न. मॅडम आपल्या कामाला लागल्या. अर्ध्या तासानं पुष्पावतीनं मागचे आकडे वरून खाली पुन्हा वाचले, आणि भुवया आवळल्या.

"मॅडम, खालच्या वायरीचा आकडा वरच्यापेक्षा दर बारीला चार डिग्रीनं जास्त हाय. असं का?"

मॅडम उठून आल्या. कागद हातात घेऊन त्यांनीही आकडे वरून खाली वाचले.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. थांबा, छगनभाऊंनाही बोलावू."